बॅगेच्या पोटातलं

तळ्याकाठच्या त्या बाजारात टोकनमावशीला ओळखत नाही असा माणूस नव्हता. कपड्यांची दुकानं, खेळण्यांची दुकानं, चार पावलांवर एकेक खाण्याची जागा, मधोमध कारंजं, आणि कारंज्यामागे जिन्याखाली मावशीची क्लोकरूम. सुट्टीला आलेल्या लोकांना हॉटेलवाले अकराला खोली सोडायला लावतात आणि बस असते संध्याकाळची. मधल्या वेळात बॅगा काय डोक्यावर घेऊन फिरायचं? त्या मावशीकडे द्यायच्या, पितळी टोकन खिशात टाकायचं आणि मोकळ्या हातांनी हिंडायचं.

बावीस वर्षं ती त्या काउंटरमागे होती. नवरा बॅगा दुरुस्त करायचा. चेन बसव, चाक बदल, कडी लाव. तो गेल्यावर बाजाराच्या मॅनेजरने ही जागा तिला दिली. नवऱ्याच्या हाताखाली राहून तिलाही बॅगांची पारख आली होती. उचलल्याबरोबर सांगायची, "ताई, बूट वर भरलेत तुम्ही. खाली घ्या, नाहीतर इस्त्रीचे कपडे गेले म्हणून समजा." शेजारची आइस्क्रीमवाली म्हणायची, "मावशी, तुम्ही डॉक्टर व्हायला हव्या होतात. पोट न फाडता रोग सांगता!"

टोकन हरवणारे रोज दोन-तीन तरी असत. मॅनेजरच्या नियमात त्यांच्यासाठी अर्ज होता, ओळखपत्र होतं, दोन दिवस थांबणं होतं. पण बस काय दोन दिवस थांबते? म्हणून मावशीने आपला नियम काढला होता. "बॅगेच्या पोटातल्या तीन वस्तू सांगा. बाहेरून दिसणाऱ्या नव्हे हं." तिन्ही बरोबर निघाल्या की बॅग दिली. बावीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला जरा अभिमानही होता. सकाळी शटर उघडताना ती हात जोडून एवढंच म्हणायची, "देवा, कुणाची वस्तू माझ्या हातून भलत्याच्या हातात जाऊ देऊ नकोस." दुसरं काही मागायची तिला सवय नव्हती.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला एक माणूस काउंटरशी आला. पांढरा शर्ट, नीट भांग, चेहऱ्यावर दमलेलं हसू.

"मावशी, माझी बायको सकाळी बॅग ठेवून गेली. टोकन हरवलं म्हणते. जरा विसरभोळी आहे हो."

"लहान मुलगी आहे बरोबर? मरून रंगाची बॅग?" मावशी बोलून गेली. "पाचच्या बसच्या आधी येते म्हणाली होती."

"तीच. पाचच्या बसच्या आधी, नाही का?" तो म्हणाला आणि अजून थोडं हसला.

मावशीला तेव्हा काही वाटलं नाही. सवयीने तिने विचारलं, "बॅगेच्या पोटातलं सांगा."

"मुलीचा पिवळा स्वेटर, कोपराला ठिगळ लावलेला. सुईदोऱ्याचा पत्र्याचा डबा. आणि हिच्या चष्म्याचं घर, निळं." एकदाही न अडखळता त्याने सांगितलं.

मावशी मागे गेली, मांडणीवरून मरून बॅग खाली घेतली आणि त्याच्याकडे पाठ करून चेन उघडली. पिवळा स्वेटर होता, ठिगळासकट. पत्र्याचा डबा होता. चष्म्याचं निळं घरही होतं, पण रिकामं.

चेन लावायला गेलेला तिचा हात तिथेच थांबला.

दोन दिवसांच्या सहलीची बॅग अशी नसते. सहलीच्या बॅगेत सगळ्यांचे कपडे एकमेकांत घुसलेले असतात, नवऱ्याचे मोजे बायकोच्या कपड्यांत, ओला टॉवेल पिशवीत. या बॅगेत पुरुषाचा साधा रुमालही नव्हता. मुलीचे उन्हाळ्याचे कपडे होते आणि थंडीचेही. पुढच्या मापाचे बूट होते, अजून न घातलेले. आणि सगळ्यात खाली, दोन चादरींच्या घडीत, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला आणि आईच्या शिक्षणाची कागदपत्रं. ही परत घरी जाणाऱ्या माणसाची बॅग नव्हती.

आता मावशीला सकाळ आठवली. ती पोरसवदा बाई पावती लिहिताना कागदाला नाक टेकेल इतकी वाकली होती. फोन नंबरची जागा रिकामी सोडून म्हणाली होती, "फोन बंद ठेवलाय. मावशी, माझ्याशिवाय कुणाला देऊ नका." असं सगळेच म्हणतात. मावशीनेही नेहमीचंच उत्तर दिलं होतं, "टोकन आणा, बॅग न्या."

आणि आता एका दमात तिने या माणसाला सगळं सांगून टाकलं होतं. बाई इथेच आहे, मुलगी बरोबर आहे, पाचच्या आत येणार आहे. ज्याच्याबरोबर ती बाई एका घरात राहिली, त्याला तिच्या कपाटातली वस्तू न् वस्तू ठाऊक असणारच. बावीस वर्षांत हे एकदाही मावशीच्या डोक्यात आलं नव्हतं.

ती परत काउंटरशी आली. "साहेब, दोन वस्तू जुळल्या. चष्म्याचं घर नाही यात."

"नीट बघा."

"बघितलं ना. आता मॅनेजरची सही लागेल. ते पाचला येतात." त्या काउंटरवर ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती.

त्याने शर्टाच्या खिशात हात घालून बायकांचा एक चष्मा काढला. एक काडी मोडलेली, एका काचेला तडा. रुमालाने तो सावकाश पुसत म्हणाला, "चष्मा तर माझ्याकडे आहे. मग घर कुठे जाईल? असू दे. गर्दीत कुठे शोधत बसू? बॅग इथे आहे म्हणजे ती इथेच येणार." आणि समोरच्या बाकड्यावर जाऊन बसला, पायावर पाय टाकून, क्लोकरूमच्या दाराकडे तोंड करून.

मावशीने बाजाराच्या गार्डला खूण करून बोलावलं आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. गार्ड बाकड्याकडे पाहून म्हणाला, "तो? अहो, मघाशी मला चहा पाजला त्याने. सज्जन माणूस आहे. नवरा-बायकोचं भांडण म्हणजे पाण्यावरची रेघ, मावशी. आपण मध्ये पडायचं नसतं."

हे वाक्य मावशीचंच होतं. वीस वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण अशीच बॅग घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मावशीने तिला गरम गरम जेवू घातलं, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बॅग उचलून तिला परत नवऱ्याकडे नेऊन सोडलं. बहिणीचा फोन अजून येतो. ती तो नेहमी उजव्या कानाला लावते. डाव्या कानाचं काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मावशीची विचारायची छाती झाली नाही.

साडेतीन झाले. कुणी लहान मूल दारातून डोकावलं की मावशी आधी बाकड्याकडे बघे. क्लोकरूम सोडून जावं तर तो आत शिरेल. न जावं तर बाई सरळ त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहील.

तेवढ्यात मागच्या खिडकीशी चाकं करकरली. हॉटेलांतलं सामान आणणारा ढकलगाडीवाला आला होता. गोगलगायीच्या चालीने चालायचा म्हणून सगळे त्याला एक्सप्रेस म्हणत. मांडण्यांच्या आड होऊन मावशीने त्याचं मनगट धरलं.

"एक्सप्रेस, ही मरून बॅग गाडीत सगळ्यात वर ठेव. एकटीच. आणि अख्ख्या बाजारातून फिरव. झोपाळे, खेळण्यांची गल्ली, तळ्याचा काठ. फक्त कारंज्याकडे यायचं नाही."

"बॅगेला हवा खायला न्यायची?"

"मस्करी नको रे. हजार बॅगांत माणूस आपली बॅग ओळखतो. जिची आहे ती धावत येईल. तिला म्हण, टोकनमावशीने सांगितलंय, इकडे येऊ नका, तो येऊन बसलाय. मागच्या फाटकातून मिळेल ती बस पकडा. कुठली ते तू विचारू नकोस. टोकन तेवढं मागून घे, म्हणजे तीच आहे हे कळेल."

एक्सप्रेसने वाकून फटीतून बाकड्याकडे पाहिलं. मग बॅग उचलली.

गाडी गेली आणि मग मावशीला आठवलं. चष्मा! चष्मा तर त्या माणसाच्या खिशात होता. जिला हातातला कागद दिसत नव्हता, तिला लांबून जाणारी बॅग काय दिसणार? आणि दिसली तरी आपली बॅग परका माणूस नेतोय म्हटल्यावर तिला काय वाटेल? नवऱ्यानेच माणूस पाठवला असं वाटून ती कागदपत्रं टाकून पळाली तर? मावशीने मनातल्या मनात देवाला हाक मारली, पण पुढे काय मागावं ते सुचेना. नुसतंच "देवा, देवा" होत राहिलं.

चार वाजले. तो माणूस उठून काउंटरशी आला. "मावशी, पाणी मिळेल?"

तिने ग्लास पुढे केला, तर पाणी हिंदकळून काउंटरवर सांडलं. त्याने ते आपल्या रुमालाने पुसलं.

"हात का कापतोय तुमचा?"

"वय झालं."

"मुलगी माझ्याशिवाय जेवत नाही हो," तो म्हणाला. "आणि हिला एकटीला बाहेर काही जमत नाही. घरी नेली की येते ताळ्यावर." हे त्याने इतक्या मायेने म्हटलं की क्षणभर मावशीचं मन डळमळलं. आपण कुणाच्या संसारात नसती उठाठेव तर करत नाही? मग तिची नजर त्याच्या खिशाकडे गेली. तिथून मोडकी काडी बाहेर डोकावत होती.

पावणेपाचला मागची चाकं पुन्हा करकरली. मावशी मांडण्यांमागे गेली.

गाडी रिकामी होती. एक्सप्रेसला चक्क धाप लागली होती. "आईला काही दिसलं नाही. पोरीने पाहिलं. झोपाळ्यावरूनच ओरडली, आई, आपली बॅग चालली! ती बाई पांढरीफटक. पोरीला ओढून उलटीच पळायला लागली. मी मागून हाका मारतोय, टोकनमावशीने पाठवलंय, टोकनमावशीने! लोक बघायला लागले."

"मग?"

"तुमचं नाव ऐकून थांबली. टोकन दिलं, बॅग घेतली. बस सुटताना पाहिली मी. पोरगी खिडकीत होती." त्याने टोकन तिच्या तळहातावर ठेवलं. "कुठली बस ते नाही पाहिलं. तुम्हीच नको म्हणालात."

पाच वाजले. पाचची बसही सुटली. मॅनेजर आले नाहीत, ते येणारच नव्हते. तो माणूस उठला. हसू आता नव्हतं.

"बॅग दाखवा."

अजून एक खोटं जिभेवर आलं होतं, पण मावशीला ते पेलवेना. "बॅग गेली. जिची होती तिने नेली."

"कधी? मी इथेच बसलोय."

"मागच्या बाजूने."

त्याने दोन्ही हातांनी काउंटर धरला आणि आत वाकला. श्वास चेहऱ्याला लागावा इतका जवळ. आवाज मुळीच चढवला नाही. "कुठे गेली?"

"मला माहीत नाही." हे खरं होतं, आणि खरं असल्याचं तिला फार बरं वाटलं.

"तुम्ही रोज इथेच असता ना, मावशी? रात्री एकट्याच जाता घरी?"

मावशी मागे सरकली तशी पाठ मांडणीला टेकली. तेवढ्यात शेजारून आइस्क्रीमवालीचा खणखणीत आवाज आला, "गार्डदादा! तुमचा चहावाला सज्जन काउंटर चढतोय बघा!" चार माणसं वळली. गार्ड पट्टा सावरत आला. आधी त्याने त्या माणसाकडे पाहिलं, मग मावशीच्या चेहऱ्याकडे. "चला साहेब, बाहेर," एवढंच म्हणाला.

तो माणूस गेला. जाता जाता वळून त्याने क्लोकरूमची पाटी नीट वाचली, वेळांसकट.

उरलेले लोक आले, टोकनं देऊन बॅगा घेऊन गेले. एकाचं टोकन हरवलं होतं. मावशीने त्याच्यापुढे मॅनेजरचा अर्ज ठेवला. तो कुरकुरला, दोन दिवस म्हणजे अतीच झालं म्हणाला. मावशीने पेन पुढे केलं.

आठला मावशीने शटर ओढून कुलूप लावलं. बावीस वर्षं ती एकटी घरी जात होती, कुणी सोबत येतो म्हटलं तरी नको म्हणायची. आज ती आइस्क्रीमच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली.

"तुझं आवरलं का गं?"

"अर्धा तास आहे अजून. का हो?"

"मी थांबते. मला घरापर्यंत सोड आज. भीती वाटते."

आइस्क्रीमवाली डबे पुसायची थांबली. "एवढी भीती वाटत होती, तर त्याच्या तोंडावर कशाला सांगितलंत? म्हणायचं, बॅग सापडत नाही."

"मग तो उद्या पुन्हा येऊन बसला असता बाकड्यावर."

"आताही येईल की!"

"येईल," मावशी म्हणाली. तिने आतलं स्टूल ओढून घेतलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.