गौरीच्या आमटीतलं मीठ

गजकर्ण झालंय हे सांगायची मला भारी लाज. कमरेला, परकराच्या नाडीखाली, पुरीएवढा लाल चट्टा. खाजून जीव नकोसा व्हायचा. तरी डॉक्टरकडे न जाता नगरा मोहल्ल्यातल्या मेडिकलवाल्या भैयाकडून गुपचूप ट्यूब आणून चोपडत बसले. झाशीचा तो आषाढातला घाम, त्यात ती ट्यूब. चट्टा पोटावर आला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी चांगली कानउघाडणी केली आणि गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांनी खाज थांबली, पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चहा नुसतं गरम पाणी लागायला लागला. मी दूधवाल्याशी भांडले. मग एके दिवशी ह्यांनी वरणभाताचा पहिला घास घेतला आणि मुकाट्यानं अख्खा तांब्या रिकामा केला. मी तीनदा मीठ घातलं होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण हा माणूस स्वतःहून काही बोलेल तर शपथ.

"गोली से होता है, भाभीजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बदल देती हूँ. स्वाद लौट आएगा, पर वक़्त लगेगा."

वक़्त कुठला? गौरी जेवायला चार दिवस उरले होते. गुरसरायहून सगळे भाऊबंद यायचे. सासूबाईंचे गुडघे गेले होते, म्हणून त्या वर्षी पहिल्यांदाच सगळा स्वयंपाक माझ्या एकटीवर. आणि आमच्याकडे नैवेद्य चाखत नाहीत. पळी नुसती तोंडाजवळ गेली तरी सासूबाई ते पातेलं बाजूला काढून दुसरं चढवायला लावत. त्यांचा हात बसलेला होता. माझा कुठला बसायला! दरवर्षी माझ्याकडे फक्त आमटी असायची, तरी मी आदले आठ दिवस रोज ती करायची, चाखायची, तेव्हा कुठे अंदाज यायचा. या वेळी जीभच गेली होती, आणि ती परत येईल यावरही माझा विश्वास नव्हता.

गौरी जेवणाच्या सकाळी कटाची आमटी उकळत होती आणि मी मुठीत मीठ धरून रडत उभी होते. सासूबाई स्टुलावर बसून खोबरं खोवत होत्या. म्हणाल्या, "काय झालं गं?" मी चट्ट्यापासून सगळं सांगून टाकलं. आता तोंडसुख घेतील म्हणून मान खाली घातली.

त्यांनी विचारलं, "खाज थांबली का?" मग तळहात पुढे केला. "घाल थोडी आमटी."

"आई, नैवेद्य व्हायचाय अजून."

"माहेरवाशिणी आल्यात त्या. त्यांना खारट आमटी वाढायची का?"

आयुष्यभर पाळलेलं त्यांनी माझ्यासाठी मोडलं. फुंकर घालून चाखलं. "चिमूटभर घाल. अजून थोडं. बस." एकूण एक भाजी त्यांनी तशीच चाखली. पंगतीत सगळ्यांनी माझी तारीफ केली, तर म्हणाल्या, "बसलाय आता हिचा हात." मला इतकं प्रेम आलं त्यांचं, की वाढायचं निमित्त करून आत गेले.

चव दिवाळीच्या आसपास परतली. जवळच्या बरुआसागरचं आलं घातलेला चहा घशात झणझणला आणि मी खुळ्यासारखी हसत बसले. चट्ट्याचा आता डागही नाही. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. गौरीचा स्वयंपाक मीच करते, न चाखता करते, आणि तो बरा होतो. फक्त आमटीत मीठ घालताना हात थांबतो. त्या स्टुलावरून कुणीतरी 'बस' म्हणायचं राहिलेलं असतं.