टेकले पाय

काल रुईचा कापूस तरंगत आला अन् सावकाश माझ्या खाटेपाशी उतरला. तशी टीव्हीवरची ती उडी आठवली.

एक गोरा माणूस फुग्यात बसून पार आभाळाच्या टोकाले गेला होता, सगळ्यांत उंचावरून उडी मारायचा विक्रम करायले. वरवट गावातल्या आमच्या घरी आम्ही दोघं पाहत होतो. त्यानं उडी टाकली अन् बायकोनं माझं मनगट आवळलं.

"सोड वं, दुखते."

"छत्री तं उघडू द्या त्याची!"

छत्री उघडली, तरी हात सुटेना. तो जमिनीवर उभा राहिला तेव्हा म्हणाली, "टेकले बाई पाय!"

विहिरीतला गाळ काढायले मी जन्मभर दोरानं उतरलो. दरवेळी ती वरून विचारे, "पाय टेकले का?" मी उत्तर देत नसे. मले कायची भीती? पण भीती तिले होती, हे त्या दिवशी मनगटाले समजलं.

पुढच्या उन्हाळ्यात उतरलो, तेव्हा तिनं विचारायच्या आधीच खालून ओरडलो, "हाव, टेकले!" वरून तिचं हसू ऐकू आलं.

आता ती नाही. सकाळी खाटेवरून पाय खाली ठेवतो अन् तेच म्हणतो. पोरं हसतात. हसू द्या.