दीडशे न चालणारी नाणी

निलंगा डेपोत व्यंकटीनं एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. एवढ्या वर्षांत त्याच्या चामडी पिशवीचा हिशोब एकदाही चुकला नाही, हे तो स्वतःच सांगत असे. दुसऱ्या कुणाला सांगायची संधीच तो देत नसे. रिटायर झाल्यावर पिशवी गेली, पण उजवा खांदा खाली उतरलेला तो उतरलेलाच राहिला.

त्याच्याजवळ एक डालड्याचा डबा होता, दहाच्या नाण्यांनी गळ्यापर्यंत भरलेला. आता आपल्याकडं दहाच्या नाण्याचं काय वाकडं आहे कोण जाणे. नाणं सरकारचं, पुण्यात बिनघोर चालतं. इकडं निलंगा-लातुरात दुकानदार ते बोटानं मागं सारतो, ‘बंद झालंय’ म्हणतो. एकदा एका म्हाताऱ्याला व्यंकटीनं सुट्टे म्हणून असलं नाणं दिलं, तर तो म्हणाला, त्यापरीस मला धा रुपये पुढं नेऊन सोड. आणि खरंच, काही काम नसलेल्या गावाला तो उतरला. अशी परत आलेली नाणी कॅश भरताना मोजत बसायचा व्यंकटीला कंटाळा. तो आपल्या खिशातल्या नोटा भरायचा अन् नाणी घरी आणायचा. त्याच्या बायकोनं, पारूबाईनं, त्या डब्याचा उपयोग शोधला होता: मधल्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटायचं, त्याला ती हा डबा टेकण म्हणून लावायची.

व्यंकटीची नात लुंबिनी अकरावी सायन्सला लातुरात खोली करून राहिली. भाडं अन् मेसचे पैसे तिचा बाप, म्हणजे व्यंकटीचा मुलगा रविकांत, परस्पर भरायचा. तो ग्रामसेवक, कागद पक्का, माणूसही पक्का. वरखर्चाला एक तारखेला दीड हजार तिच्या फोनवर टाकायचा. दहा तारखेला फोन यायचा, ‘पप्पा, पैसे टाका ना.’ जुलैत असं झालं, ऑगस्टमध्येही झालं. कुठं गेले विचारलं तर पोरीलाच ठाऊक नाही. इथं स्कॅन केलं, तिथं स्कॅन केलं.

मग रविकांतनं निकाल दिला. सप्टेंबरच्या तीस तारखेच्या आत पैसे मागितले तर खोली बंद. सकाळी सहाच्या गाडीनं जायचं, रात्री यायचं. अपडाऊन.

हा शब्द व्यंकटीच्या चांगला ओळखीचा होता. सहाच्या गाडीत दांडीला धरून उभ्या उभ्या झोपणारी पोरं त्यानं एकतीस वर्षं पाहिली होती. त्यातली किती डॉक्टर झाली हे त्याला माहीत होतं, म्हणून तर तो घाबरला. तो म्हणाला, एवढा महिना पैसे माझ्या हातानं देतो. फोनातला पैसा जाताना दिसत न्हाई, हातातला दिसतो.

बोलणं रास्त होतं. डोक्यातलं मात्र वेगळं होतं. एक तारखेला तो लातूरला गेला आणि लुंबिनीच्या हातात कापडी पिशवी दिली. दीडशे नाणी, किलोभर वजन.

लुंबिनीनं पिशवीत पाहिलं, मग आजोबांकडं. ‘आबा, हे कुणीच घेत न्हाई.’

‘हाव,’ व्यंकटी समाधानानं म्हणाला. ‘घेईल त्याला दे.’

जो पैसा चालत नाही तो संपत नाही, आणि संपत नाही म्हणजे खोली वाचली. व्यंकटी इतका खूश झाला की येताना गाडीत कंडक्टरला विनाकारण चार गोष्टी सांगितल्या. दहा तारीख गेली, फोन नाही. वीस गेली, फोन नाही. तो रविकांतसमोर मुद्दाम मिशीवरून हात फिरवायचा. पारूबाई म्हणायची, आवं, पोरीला उपाशी ठेवून कसली मिशी पिळून राहिलात.

तीस तारखेला बापलेक दोघं लातूरला गेले. खोलीत खिळ्याला पिशवी टांगली होती. व्यंकटीनं हात लावला अन् त्याचा चेहरा पडला. पिशवी रिकामी होती. रविकांत कॉटखालची पेटी बघायला लागला, जणू आताच न्यायची आहे.

‘थांबा पप्पा,’ म्हणत लुंबिनीनं पुस्तकातून नोटा काढल्या. पाचशे दहा रुपये.

नाणी गेली कुठं, हे सांगायला तिनं दोघांना कोपऱ्यावरच्या रत्नम्माच्या गाड्यावर नेलं. रत्नम्मा बिदरकडची, इडली-डोसा विकते. पहिला आठवडा पोरीचा एक रुपया खर्च झाला नव्हता. क्लासला चालत गेली अन् आबांना मनातल्या मनात बरंच काही बोलली. मग रत्नम्माला सुट्ट्यासाठी हैराण झालेली पाहिली. तिनं एकशेवीस नाणी तिला दिली, बाराशेच्या नोटा घेतल्या; उरलेली तीस पुढं तिच्याच गाड्यावर इडलीत गेली. वर एक पाटी लिहून दिली: ‘दहाचं नाणं चालेल.’ मग नोटा हातात आल्यावर चार दिवसांत मैत्रिणींना खाऊ घालून चारशे उडवले, तेव्हा कुठं घाम फुटला. उरलेले दिवस रोज रात्री दुसऱ्या दिवसाचे पैसे काढून बाकीचे जीवशास्त्राच्या पुस्तकात ठेवले. ते पुस्तक फारसं उघडत नाही, असं ती सांगून गेली आणि जीभ चावली.

मग आजोबांकडं वळून म्हणाली, ‘आबा, मला खर्च करायला शिकवायचं होतं का न करायला?’

एकतीस वर्षं उलट उत्तरं देण्यात गेलेला माणूस रत्नम्माकडं वळला. त्यानं दोन प्लेट डोसा मागवला अन् शंभराची नोट दिली. रत्नम्मानं चाळीस रुपये परत दिले. चार नाणी.

‘बाई, हे चालत न्हाई, नोटा द्या,’ व्यंकटीच्या तोंडून निघून गेलं. रविकांतला ठसकाच लागला.

‘इथं चालतंय की, अण्णा,’ रत्नम्मा म्हणाली. ‘बाहेर चालत न्हाई म्हणून तर गिऱ्हाईक परत येतंय. तुमच्या नातीचंच डोकं हाय.’

रविकांतनं पाणी पिऊन घसा मोकळा केला, आणि तिथल्या तिथं घरमालकाला ऑक्टोबरचं भाडं पाठवलं. अपडाऊनचं नाव काढलं नाही. लुंबिनीनं आजोबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, डब्यात अजून किती हायत? रत्नम्माला पाचशेची लागून राहिलीत.

दुसऱ्या दिवसापासून निलंग्यात मधल्या खोलीचं दार पुन्हा आपटायला लागलं. पारूबाईनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि अंगणातला दगड आणून लावला.