कुरडई वाळेना म्हणून

बानूबाई आमच्या शेजारची. लोहाऱ्याबाहेर माळाच्या कडेला आमची थोडी घरं आहेत. तिचा नवरा भागवत मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेर असतो. घर, लेकरं, अंथरुणाला खिळलेली सासू, सगळं तिनं एकटीनं ओढलं. त्यातच कोंबड्या सांभाळल्या. यंदा हिवाळ्यात कोंबड्यांत मानमोडीची साथ आली आणि खुराडं रिकामं झालं. एक तांबडी कोंबडी तेवढी वाचली.

उन्हाळ्यात ती खुडूक झाली. बानूबाईनं माहेराहून, तुळजापूरकडून, भुशात घालून अंडी आणली आणि तिला त्यांवर बसवलं. एवढ्या उन्हात कोंबडी बसवू नये, हे तिला ठाऊक होतं. पण दुसरी कोंबडी नव्हती. ही गेली असती तर सगळंच संपलं असतं.

मी जन्मभर रस्त्याच्या कामावर खडी फोडली. आता गुडघे गेले. लोक मला म्हणतात, बसा. बानूबाई तसं म्हणत नाही. ती काम सांगते.

पहिले आठ-दहा दिवस तिनं खुराड्याच्या उघड्या बाजूंना भिजवलेली पोती लावली. वारा ओल्या पोत्यातून आत गेला की गार होतो. पोतं वाळलं की पुन्हा भिजवायचं. पाणी हापशावरून आणायचं. तिची एकही खेप चुकली नाही. दाणा फक्त सकाळी, थंड वेळेला; प्यायचं पाणी मातीच्या परळात, सावलीला. कोंबडी शांत बसून होती.

मग दोन वळीव होऊन गेले. ऊन तेवढंच, पण हवा दमट होऊन गदगदायला लागली. कोंबडी चोच उघडून धापा टाकू लागली. पंख अंगापासून लांब. बानूबाईनं पोती आणखी भिजवली. कोंबडीची धाप वाढली. एका दुपारी ती अंड्यांवरून उठून नुसती उभीच राहिली. बसून राहिली तर तिचा जीव जाणार, निघून गेली तर पिलं.

तेवढ्यात पलीकडची जगदेवी आली. ती लिंगायत, अंड्याला शिवत नाही, पण या कोंबडीची चौकशी तिला रोज लागते. आज तिच्या हातात कुरडई होती.

"बघ की बानू, काल घातलेली. अजून लिबलिबीतच हाय. वाळंना बया."

बानूबाईनं कुरडई हातात घेतली. मग पोत्याला हात लावला.

"भावजी, ह्ये पोतं म्या सकाळी भिजवलं. अजून टपकायलंय."

"मग बरंच की," मी म्हणालो, "तुमची एक खेप वाचली."

"न्हाय वो. वाळतंय म्हणून गार लागतं. वाळंचना, तर आत नुसती वाफ. म्या तिला वाफंवर ठिवलंय!"

"अगं बाई," जगदेवी म्हणाली, "तुमच्यात कोंबडी शिजवत्यात ठाव हुतं. पर जितीच?"

बानूबाई हसली नाही. तिनं पोती ओढून काढली.

"उठा भावजी. बंद हैत त्या दोन बाजू मोकळ्या करायच्या, वरचा पत्रा उचलून घ्यायचा. पर ठोकायचं न्हाय. दणका बसला अन् ती बिथरून पळाली, तर परत बसायची न्हाय."

मी आयुष्यभर घण मारला. इथं एकही घाव चालणार नव्हता. त्या दोन बाजूंना तुराट्यांचे कूड होते, शेणमातीनं लिंपलेले. ती माती मी पाण्याचं बोट लावून हातानं सोडवली. बांधलेल्या सुतळ्या विळ्यानं कापल्या. पत्रा तिघांनी धरून उचलला आणि खाली टेकू दिले. जगदेवीनं पदर खोचला होता.

"आमच्या सासूबाईनं बघितलं तर मलाच डालग्याखाली झाकतील," ती म्हणाली.

"गप. हळू बोल," बानूबाई म्हणाली.

मुंगूस शिरू नये म्हणून मोकळ्या बाजूंना जाळी लावली. खिळा नाही, सगळी सुतळीनं बांधली. पत्र्यावर उसाचं पाचट पसरलं. माझे गुडघे पेटले होते. मी थांबलो नाही आणि तिनंही थांबा म्हटलं नाही. कोंबडी एका डोळ्यानं आमच्याकडं बघत उभी होती.

पाचट पसरून झाल्यावर वारा सुटला आणि आरपार गेला. आम्ही लांब जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं कोंबडीनं चोच मिटली. मग पायानं अंडी सारखी केली आणि पोट टेकलं. बानूबाईनं तोंडाला पदर लावला. मी दुसरीकडं बघितलं.

पुढं गदगदीचे आणखी दिवस गेले. पोतं पुन्हा लावलं नाही. कोंबडी धापा टाकायची, पण उठली नाही.

एका सकाळी बानूबाईनं मला हाक मारली. तिच्या सासूलाही अजून कळलं नव्हतं. मी जाळीला कान लावला. कोंबडीच्या पोटाखाली बारीक चिवचिव चालली होती आणि ती घशातल्या घशात उत्तर देत होती. काही अंडी वाया गेली. बऱ्याच अंड्यांतून पिलं निघाली.

"बघत काय बसलाव?" बानूबाई म्हणाली. "जाळीची भोकं मोठी हैत. पिलं भायेर येत्याल. खालनं बारीक जाळी बांधा."

मी सुतळी आणायला घरी गेलो. म्हातारपणी कुणीतरी असं काम सांगतं, याबद्दल मी तिचे उपकार मानतो. तोंडानं कधी बोललो नाही. जाळी मात्र घट्ट बांधली.