इस्त्रीवरची फुंकर

अग्निनारायणाला वंदन करून, नातीच्या लग्नाचा अंतरपाट इस्त्रीला नेला त्या सकाळविषयी लिहितो.

आमच्या आळीतील दगडू परटाने नुकतीच गॅसची इस्त्री आणली होती. ती पोटातून पोकळ होती; आत ज्योतींची ओळ, कडेला वाऱ्यासाठी भोके आणि मागे रबरी नळी. जन्मभर कोळशाची इस्त्री फिरवलेल्या दगडूने राख उडवावी तशी सवयीने भोकांत फुंकर घातली. ज्योती विझल्या, वायूचा फुस्स आवाज मात्र चालूच राहिला. त्याने काडी हातात घेतली.

"अहो, थांबा! आधी चावी बंद करा!" त्याची पत्नी ओरडली. "राख कसली उडवताय? कोळसा घातलाय का त्यात?"

काडी पेटीपाशीच थांबली. तिने चावी फिरवली आणि आम्हा दोघांना बाहेर ढकलले.

अग्नीला मुखाने फुंकू नये, असे पाठशाळेत शिकलो होतो. त्यात केवळ उष्ट्याचा दोष असेल, असे मी मानत आलो. श्वासाने निखारा फुलतो आणि ज्योत मरते, हे त्या दिवशी उमगले. देव तोच असला, तरी त्याचे घर बदलले की उपासना पुन्हा शिकावी लागते.

वाचकहो, तुमच्या घरचा अग्नी प्रसन्न राहो, आणि वेळेवर ओरडणारे माणूस तुम्हांला सदैव लाभो.