गावाच्या कोणत्या अंगाला

आपल्या घरात चमत्कार सांगायची पद्धत नाही. तुमच्या पणजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले टाक, गंडे, अंगारे सगळं नदीत सोडून दिलं, आणि त्यानंतर देव पावला, नवस फळला असलं बोलणं आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. मीही आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि मुलांना प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ असं विचारायची सवय लावली. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्याला काय म्हणावं हे मला आजही ठरवता आलेलं नाही. नाव न देता, जसं घडलं तसं, क्रमानं लिहिते. तुम्हाला मराठी वाचणं जड जाईल, तेव्हा बाबांकडून वाचून घ्या. वाचताना त्यांचा आवाज अडला तर थोडं थांबा, घाई करू नका.

तुमचे बाबा तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होते. तुमच्यातला थोरला नुकता शाळेत जाऊ लागला होता आणि धाकटी रांगत होती. एका रविवारी तुम्हा सगळ्यांना घेऊन ते कळंबला आपल्या घरी आले आणि जेवताना त्यांनी सांगितलं की पुण्यातला फ्लॅट विकायला काढला आहे. न्यूझीलंडमधल्या एका लहान गावात त्यांच्या मित्राच्या गाई आणि फळबाग होती, तिथं जाऊन राहायचं, हातानं काम करायचं, मुलांना मातीत वाढवायचं. शहराच्या धावपळीला ते आणि तुमची आई दोघंही विटले होते. “आम्हाला साधं जगायचंय, दादा,” असं ते आजोबांना म्हणाले. आजोबांनी पुढचा घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाले, “शेणात हात घालायला इमानात बसून जायचं? कळंबात शेण कमी हाय व्हय?” आम्ही सगळे हसलो. आजोबा हसले नाहीत. हात धुऊन ते जे उठले, ते त्यानंतर तुमच्या बाबांशी बोललेच नाहीत.

परक्याला हा हट्ट वाटेल. पण आजोबांचा जन्म लोणीचा, तोही गावाच्या खालच्या अंगाचा. पाणी आणि वारा सगळं गाव फिरून शेवटी जिथं येतं, तिथं आपल्या लोकांची घरं असत. लहानपणी ते आईबरोबर विहिरीवर जायचे, पण विहिरीला हात लावायचा नाही. भांडं खाली ठेवून बाजूला उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतलेलं पाणी घेऊन यायचं. शिकून ते वीजखात्यात लागले, आणि घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी मुद्दाम पुणे-नाशिक रस्त्याला जागा घेतली. गावात जागा मिळत होती, स्वस्तही होती. पण रस्त्याला वरचं अंग आणि खालचं अंग नसतं, असं ते म्हणायचे. तुमच्या बाबांना त्यांनी गुरांमागं कधी जाऊ दिलं नाही. गाव ही त्यांच्या लेखी बाहेर पडायची जागा होती. साधेपणा आमच्याकडे न मागता आलेला होता आणि त्यातून निघायला तीन पिढ्या लागल्या होत्या. आता मुलगा तोच साधेपणा समुद्रापलीकडे शोधायला निघाला होता. मला दोघांचंही कळत होतं, म्हणून मी दोघांच्याही उपयोगाची नव्हते.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे सगळं आखून पाहिलं. दोघांना एका वेळी जेवायला बसवलं, तर आजोबा ताट घेऊन मागच्या दारी गेले. तुमच्या आईला त्यांच्याशी बोलायला लावलं, तर तिच्याशी गोड बोलले आणि विषय टाळला. दरम्यान व्हिसा आला, तिकिटं आली. आजोबांना आधी एकदा हृदयाचा झटका येऊन गेला होता. हे दोघं असेच न बोलता दुरावले तर पुन्हा संधी मिळायची नाही, हा एकच विचार माझ्या छातीवर बसला होता. बुद्धवंदना म्हणताना शब्द तोंडातून निघत, मन ओट्यावर आजोबांच्या खुर्चीपाशी असे. शरण जाते म्हणते खरी, पण कशाला, असं मला त्या दिवसांत वाटायचं.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी घरी जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी परित्राण पाठ ठेवला. तुम्ही तेव्हा लहान होतात, आठवत नसेल म्हणून सांगते. भंतेजी बुद्धमूर्तीपासून पांढरं सूत सोडतात, ते बसलेल्या प्रत्येकाच्या हातातून पुढं जातं, आणि पाठ संपेपर्यंत कुणी ते हातातलं सोडायचं नसतं. शेवटी त्याचाच तुकडा प्रत्येकाच्या मनगटावर बांधतात. आजोबा मला चिडवायला नेहमी ‘बाई’ म्हणायचे. “बाई, आता गंडेदोरे बी सुरू करा,” एवढं बोलून ते ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले. सूत हातातून फिरू लागलं. नातेवाईक, शेजारी मिळून पुढची खोली भरली होती. उंबऱ्याशी शेजारच्या काकू शेवटच्या होत्या आणि उरलेलं रीळ त्यांच्या मांडीवर होतं.

पाठ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. बाहेर ओतूरकडे जाणारी एसटी आपल्या घरासमोर पंक्चर होऊन थांबली. लोक उतरून सावलीला गेले. त्यांतली एक वयस्कर बाई, हातात पिशवी, सरळ आपल्या ओट्याशी आली आणि तिनं आजोबांकडे पाणी मागितलं. आजोबांनी उठून तांब्या दिला. ती घटाघटा प्यायली, तोंड पुसलं, आत डोकावली आणि चप्पल काढून काकूंच्या शेजारी येऊन टेकली. मला वाटलं, लोणीकडची आजोबांची कुणी पाहुणी असेल. तुमच्या आईला वाटलं, माझी मावशी. कार्यात असं होतंच, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसले होते, तिथून मला ओटा दिसत होता. त्या बाईनं काकूंच्या मांडीवरचं रीळ उचललं, उंबऱ्याबाहेर हात लांबवला आणि आजोबांना म्हणाली, “पावणं, तुमी का भाईर?”

“मी घरचाच हाय,” आजोबा म्हणाले.

“मंग तर लईच झालं. घरचं माणूस भाईर आन आमी वाटसरू आत? धरा.”

परक्या बाईला नाही कसं म्हणणार? त्यांनी दोन बोटांत सूत धरलं, एखाद्यानं आपल्याकडे नको ते सांभाळायला द्यावं तसं. तेवढ्यात कंडक्टरनं हाक दिली. बाई उठली, रीळही त्यांच्या हातात ठेवून म्हणाली, “माझी गाडी निघाली. आता तुमीच सांभाळा. सोडू नका, समदं सूत मातीत जाईल.” आणि ती गेली. आजोबा तसेच बसून राहिले. सोडलं असतं तर सगळ्यांच्या हातातलं सैल पडलं असतं, हे त्यांना दिसत होतं. हळूहळू त्यांची खुर्ची रस्त्याकडून दाराकडे वळली. मी डोळे मिटून घेतले. पाहत राहिले तर ते उठून जातील अशी भीती वाटली.

पाठ संपल्यावर भंतेजींनी तुमच्या बाबांना सूत गोळा करायला सांगितलं, कारण पाठ त्यांच्यासाठी होता. ते मूर्तीपासून एकेकाच्या हातातलं सूत आपल्या हाताला गुंडाळत निघाले आणि उंबरा ओलांडून आजोबांपुढं येऊन उभे राहिले. आजोबांनी रीळ दिलं नाही. घट्ट धरून त्यांनी विचारलं, “त्या गावात तुला घर कुटं देणार? गावाच्या कोणत्या अंगाला?”

इतके महिने आजोबांच्या रागाला आम्ही राग समजत होतो. तुमचे बाबा खाली बसले. “दादा, मला माहीत नाही,” ते म्हणाले. “विचारायचं सुचलंच नाही.”

“गेल्यावर बघ. आन मला कळव.”

एवढंच. मनगटावर सूत बांधून घ्यायला आजोबांनी हात पुढं केला नाहीच. पण आत येऊन ते सगळ्यांना खीर वाढत फिरले, आणि तुमच्या बाबांच्या वाटीत दोनदा वाढली. विमानतळावर ते आले नाहीत; जीप दिसेनाशी होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

तिकडे पोचल्याचा फोन आला, नंतरही येत राहिले, पण घर मिळायला वेळ लागला. मिळालं त्या दिवशी तुमच्या बाबांनी आजोबांनाच फोनवर बोलावलं. काय बोलणं झालं ते मी अर्धं ऐकलं आणि अर्धं तुमच्या बाबांनी नंतर सांगितलं. घर गावातल्या मधल्या रस्त्यावर होतं, एका बाजूला दुकान, दुसऱ्या बाजूला शाळा. आजोबांनी विचारलं, “आन पाणी?” सगळ्या गावाला एकाच टाकीतून येतं, असं उत्तर आलं; शेजारची म्हातारी तर पहिल्याच दिवशी येऊन तुमच्या आईच्या हातचा चहा पिऊन गेली होती. आजोबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, “बरं. ऱ्हा मग.”

पुढच्या उन्हाळ्यात आजोबा गेले. तुमचे बाबा पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं; बापाचा चेहरा काही त्यांना दिसला नाही. ओट्यावर बसून त्यांनी मला विचारलं, दादा मनात राग ठेवून गेले का? मी त्यांना सांगितलं की शेवटचे काही महिने आजोबा रोज एसटी स्टँडवर जाऊन ओळखीच्या-अनोळखीच्या माणसाला थांबवून सांगायचे, आमचा पोरगा परदेशात मधल्या आळीत ऱ्हातो. लोक हसायचे. मधल्या आळीचं एवढं काय, हे त्यांना कळायचं नाही. ते ऐकल्यावर तुमचे बाबा पहिल्यांदा रडले.

ती बाई कोण होती हे आम्हाला कधीच कळलं नाही. वाटेवरची प्रवासी होती, टायर बदलेपर्यंत बसली आणि गेली. त्यात न समजण्यासारखं काही नाही. पण मी महिनोन् महिने आखलेलं काहीच कामाला आलं नव्हतं, आणि जे कामाला आलं ते माझ्या आखणीत कुठंच नव्हतं. त्या दिवसापासून शरण जाते असं म्हणताना मी काही मागत नाही. आपल्या हातचं करायचं, आणि पुढं कोण येऊन काय हाती देईल त्यासाठी जागा ठेवायची, इतकाच अर्थ मला या वयात लागला आहे. तिचं नाव ठाऊक नाही, म्हणून रोज वंदनेनंतर मी तिचं निनावीच मंगल चिंतते.

तुम्ही फोनवर दर वेळी विचारता, आजी, आम्ही तिकडे कायमचं यायचं का? मी विषय बदलते. खरं सांगायचं तर तुम्ही या, असं म्हणावंसं फार वाटतं. घर मोठं झालं आहे, संध्याकाळी एकटीचा चहा करायला जीव होत नाही. मी बरी आहे असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तरीही, बाळांनो, तिथंच मधल्या आळीत राहा.