पश्चिमेकडच्या बारा पाती

उत्तनच्या रस्त्याला, तारोडीच्या थोडे अलीकडे, आमच्या विद्यापीठाची सागरी संशोधनाची इमारत आहे. माझ्या जन्माच्या आसपास बांधलेली. गिलावा नाही, रंग नाही, नक्षी नाही. नुसते उघडे काँक्रीट, आणि दुपारचे ऊन अडवण्यासाठी पश्चिमेच्या बाजूला जमिनीपासून गच्चीपर्यंत उभ्या केलेल्या, काँक्रीटच्याच फळ्यांसारख्या बारा पाती. जवळ गेले की त्यांच्यावर साच्याच्या लाकडी फळ्यांच्या रेषा आणि गाठी उमटलेल्या दिसत. एका पातीवर तर वाकलेल्या खिळ्याचा ठसा होता. होता असे म्हणावे लागते, कारण मूळची पात आता एकच उरली आहे. बाकीच्या अकरा माझ्या सांगण्यावरून फोडण्यात आल्या.

मी विद्यापीठाच्या बांधकाम विभागात अभियंता आहे. या इमारतीच्या नूतनीकरणावर देखरेख ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. जुन्या वास्तूंच्या जतनाचा अभ्यास केलेल्या एक वास्तुविशारद बाई त्यासाठी पुण्याहून येत असत. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितले, की जे शाबूत आहे त्याला हात लावायचा नाही आणि जे बिघडले आहे तेवढेच दुरुस्त करायचे. खाऱ्या वाऱ्याने काँक्रीटच्या आतल्या सळ्या कुठे गंजल्या आहेत, हे बाहेरून नेहमी दिसत नाही. हातोडीने ठोकून, आवाजावरून ते ओळखणारा जुना कारागीर त्यांना हवा होता.

तो मी आणला. रत्नागिरीकडचे एक मिस्त्री, सत्तरीला टेकलेले. आमच्या वसतिगृहांच्या गच्च्यांची गळती त्यांनी वीस वर्षे काढली होती आणि त्यांचे निदान चुकलेले मला आठवत नव्हते. आठवडाभर ते परांचीवर चढून एकेक पात ठोकत होते. उजव्या हातात हातोडी, आणि डावा तळहात ठोकण्याच्या जागेपासून वीतभर अंतरावर काँक्रीटला टेकवलेला. वय झाले, तोल सांभाळत असतील, असे मी समजलो. उत्तरेच्या टोकाच्या शेवटच्या पातीवर त्यांनी खडूने एक वर्तुळ काढले. तेवढे पोकळ. बाकीच्या अकरा चांगल्या आहेत, त्यांना काही करू नका, असे त्यांनी सांगितले. वर्तुळातला भाग त्यांनी स्वतःच फोडला, गंज घासला, आणि मूळ रंगाशी जुळणारा माल भरून, वर लाकडाच्या रेषाही ओढल्या. बाईंनी ते काम पाहून नमुना म्हणून मान्य केले.

हे ठेकेदाराच्या सोयीचे नव्हते. जागोजागी जपून काम करण्यापेक्षा सगळे पाडून नवे ओतणे त्याला सोपे जाणार होते. एके सकाळी चहा पिताना तो मला हसत म्हणाला, "साहब, आपके मिस्त्री को तो सुनाई नहीं देता. पीछे से ट्रक का हॉर्न बजाओ, तो भी नहीं हटता. ऐसा आदमी ठोक के क्या बताएगा?"

मी त्याला गप्प केले नाही. जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री वाळूच्या ढिगाजवळ बसले होते. मी त्यांच्या पाठीमागे गेलो आणि खिशातल्या किल्ल्यांचा जुडगा वाजवला. आधी हळू, मग जोरात. ते भाकरी खात राहिले. ज्या माणसाला मी सन्मानाने बोलावून आणले होते, त्याच्या पाठीमागे उभे राहून मी किल्ल्या वाजवल्या, हे लिहिताना आजही मला लाज वाटते असे म्हणावे, तर ते पूर्ण खरे होणार नाही. लाज वाटायला हवी, एवढे मला कळते.

यंत्राने चाचणी करून घेता आली असती. तिला काही आठवडे लागले असते, आणि उद्घाटन ठरलेले होते. मी बाईंना फोन करून सांगितले, की तपासणी विश्वासार्ह नाही. तुम्ही म्हणताय तर करा, असे त्या म्हणाल्या. अहवालात मी लिहिले, की तपासणाऱ्या कारागिराची श्रवणशक्ती क्षीण असल्याने त्याचा निर्वाळा ग्राह्य धरता येत नाही. सबब आधीच दुरुस्त झालेली एक पात वगळून उरलेल्या अकरा सदोष समजून बदलाव्यात. वाक्य नीट जमले आहे, असेही तेव्हा वाटले होते.

पहिली पात फोडली त्या दिवशी मिस्त्री आले. त्यांना कुणी बोलावले नव्हते. काँक्रीटचे ढलपे पडले आणि आतल्या सळ्या उघड्या झाल्या. त्यांच्यावर गंजाचा डागही नव्हता. मिस्त्रींनी एक सळी बोटाने पुसली आणि ते बोट माझ्यासमोर धरले. बोट स्वच्छ होते.

"साहेब, आता थांबवा," ते म्हणाले.

मजूर थांबून बघत होते. ठेकेदार बघत होता. मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्हाला ऐकू येत नाही."

"ते पाच वर्षं झाली," ते माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले. "पण कानानं ठोकतोय कोण? हात लावून बघा. पोकळ असलं की हाताला कळतं."

मी हात लावला नाही. थांबवायचे, तर माझेच लिहिणे चूक होते असे लिहून द्यावे लागले असते. एक पात योगायोगाने चांगली निघाली असेल, असे मी स्वतःला सांगितले आणि काम पुढे चालू ठेवायला खुणावले. दुसरी स्वच्छ निघाली. तिसरी स्वच्छ निघाली. चौथीनंतर मी बघायला थांबलो नाही. कार्यालयात बसून फरशीचे नमुने पाहत राहिलो. रस्त्यापलीकडे बोंबील वाळत घातले होते, त्यांचा वास खिडकीतून येत होता. फोडण्याचे आवाज येत होते. मला काही वाटत नव्हते. संध्याकाळी शांती नगरला घरी गेलो, जेवलो, आणि झोपही लागली.

त्यानंतर ठेकेदाराने मिस्त्रींना कोणत्याच कामावर बोलावले नाही, आणि त्याच्या ओळखीच्या इतरांनीही नाही. कान गेलेला माणूस, एवढे सांगणे पुरेसे होते. त्याला माझ्या अहवालाचा आधार होता.

नव्या पाती चांगल्या झाल्या. जुन्या लाकडाच्या फळ्या मिळवून त्यांच्या साच्यात काँक्रीट ओतले. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी त्यांच्यावरून हात फिरवला आणि फरक ओळखूच येत नाही म्हणाले. सगळे गेल्यावर मी उत्तरेच्या टोकाशी गेलो, डावा तळहात त्या उरलेल्या पातीवर ठेवला आणि उजव्या हाताने एका दगडाने ठोकले. काही कळले नाही. पुन्हा ठोकले. बऱ्याच वेळाने, जिथे जुने काँक्रीट संपून मिस्त्रींचा भराव सुरू होतो, तिथे तळहाताखाली किंचित बदल जाणवला. आयुष्यभर काँक्रीटचे काम करून ही गोष्ट मला माहीत नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात मी विभागाला पत्र दिले. कारागिराचा निर्वाळा बरोबर होता, फोडलेल्या पाती शाबूत होत्या, पहिल्या पातीच्या वेळीच मला ते दिसले होते आणि मी काम थांबवले नाही, असे त्यात लिहिले. पत्राची नोंद घेऊन ते फाइलला लावण्यात आले. बाईंनी फोनवर एकच विचारले, पहिली पात उघडली तेव्हा मला का कळवलं नाही.

पत्राची एक प्रत घेऊन मी भाईंदर पश्चिमेला मिस्त्रींच्या खोलीवर गेलो. सून भाजी निवडत होती, दारात दोन शेजारणी बसल्या होत्या. मी मिस्त्रींपुढे कागद धरला. ते म्हणाले, चष्मा नाही, तोंडानं सांगा.

मी हळू बोलणारा माणूस आहे. लोक त्याला सभ्यपणा समजतात, आणि त्या समजाचा मी पुष्कळ फायदा घेतलेला आहे. हळू बोलून माणूस बऱ्याच गोष्टी न सांगितल्यासारख्या सांगू शकतो. मी जमिनीकडे बघत सांगितले, की माझी चूक झाली.

"तोंड इकडं करा," मिस्त्री म्हणाले. "आणि मोठ्यानं."

मी वर पाहिले आणि पुन्हा सांगितले. त्यांनी कानामागे हात धरला नाही. ते माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. सुनेने हातातली भाजी खाली ठेवली. शेजारणी माझ्याकडे वळून बघू लागल्या.

तिसऱ्यांदा मी इतक्या मोठ्याने बोललो, की माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "तुम्ही बरोबर होतात. सळ्या चांगल्या आहेत हे मला दिसलं होतं. तरी मी अकरा पाती फोडू दिल्या, आणि तुमच्याबद्दल खोटं लिहिलं."

"आता कळलं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "टोकाची आहे ना?"

आहे, असे मी मोठ्याने सांगितले.

त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. हलके वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तसे काही वाटले नाही. चहा येईपर्यंत आम्ही दोघे बसून राहिलो. त्यांचा डावा हात चटईवर पालथा ठेवलेला होता आणि मी त्याच्याकडे पाहत होतो.